चेहऱ्याचा रंग

खुर्चीची गादी उबदार लागली.

हंफ्री ऑर्डवेनं हात मागं घेतला, तळव्याकडे पाहिलं आणि पुन्हा गादीवर टेकवला. भास नव्हता. मखमलीच्या खोलगटात माणसाची ऊब अजून रेंगाळत होती. आज चित्रासाठी बसायला कोणीच येणार नव्हतं. लेडी वेंटनरना पडसं झालं होतं. नाक लाल असताना त्या बसणार नव्हत्या, आणि तसा निरोप त्यांचा नोकर सकाळीच देऊन गेला होता. म्हणून तर ऑर्डवे निवांतपणे फ्रेमवाल्याकडे गेला, वाटेत कॉफीगृहात टेकला, आणि धुकं दाटायला लागलं तसा परत फिरला. टोपीही न काढता तो सरळ वर, कामाच्या खोलीत आला होता. ऊन म्हणावं तर खोलीची मोठी खिडकी उत्तरेला; तिच्यातून ऊन कधी आत आलंच नव्हतं. मांजर म्हणावं तर घरात मांजर नव्हतं. मोलकरीण प्रू दमून घटकाभर टेकली असेल? पण चौथऱ्यावरच्या त्या खुर्चीला फडकं लावतानासुद्धा प्रूचा हात बिचकायचा. त्या खुर्चीत सरदार बसले होते, बिशप बसले होते, नौदलातले पांगळे झालेले कप्तान बसले होते, आणि लंडनमधल्या निम्म्या सुंदर म्हणवणाऱ्या बायका बसल्या होत्या. खुर्चीच्या पायांना चाकं होती. ऑर्डवे खाली वाकला. चाकं आडवी फिरलेली होती. त्यानं काल संध्याकाळी खुर्ची खिडकीसमोर ठेवली होती, उजेड तोंडावर सपाट पडेल अशी. आता ती बाजूला वळली होती. असा तिरपा उजेड बाईमाणसाच्या चेहऱ्यावर कोणी शहाणा चित्रकार घेत नाही. एकेक सुरकुती नांगरलेल्या शेतासारखी उठून दिसते. म्हणजे इथं कोणीतरी बसलं होतं. आणि ज्यानं बसवलं, त्याला उजेड वळवायची काही गरज होती.

तो जिना उतरून खाली आला तेव्हा टॅबिथा दिवाणखान्यात शेकोटीजवळ शिवत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"वर कोणी आलं होतं?" त्यानं विचारलं.

"वर? वर कोण येणार?"

"मी विचारतोय, कोणी आलं होतं का."

"लेडी वेंटनरांचा माणूस आला होता. पण तो तुमच्यासमोरच आला होता की, मिस्टर ऑर्डवे." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती त्याला मिस्टर ऑर्डवे म्हणायची. पूर्वी त्यात थट्टा असायची. आता काय असतं, ते त्यानं कधी नीट ऐकलंच नव्हतं. "टोपी काढा. ओली झालीय."

प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारी माणसं ऑर्डवेला ठाऊक होती. चेहरे हा त्याचा धंदा होता. ओठांच्या कोपऱ्यात काय साठतं, पापणी कशासाठी लवते, हे तो समोरच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता टिपून घ्यायचा. आणि मग त्यातलं नको ते सगळं चित्रातून काढून टाकायचा. आता त्यानं बायकोकडे पाहिलं तर त्याला फक्त तिची पांढरी टोपी दिसली, आणि टोपीखाली भराभर चाललेली सुई. गाल जरा उतरल्यासारखे वाटले. पण लंडनमध्ये फेब्रुवारीत कोणाचे गाल उतरत नाहीत? तो टोपी घेऊन बाहेर आला. जिन्याखाली मागच्या खोलीतून शीळ ऐकू येत होती. डेलाहे आलेला होता.

इझाक डेलाहे ऑर्डवेच्या चित्रांतले कपडे रंगवायचा. ऑर्डवे चेहरा करायचा, फार तर हातांची बोटं. मग कॅनव्हास खाली मागच्या खोलीत जायचा, तिथं माणसाएवढ्या लाकडी बाहुलीला त्या बाईचा रेशमी झगा किंवा त्या साहेबाचा कोट चढवलेला असायचा, आणि डेलाहे शीळ घालत तो रेशीम, ती लेस, ते जरीचे काज हुबेहूब उतरवायचा. सगळ्याच मोठ्या चित्रकारांकडे अशी माणसं होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं. फक्त बोलायचं नाही, एवढाच शिष्टाचार. डेलाहेचे आजोबा फ्रान्समधून धर्मापायी पळून आलेले, बाप लंडनच्या स्पिटलफील्ड्समधला रेशमाचा विणकर. त्यामुळं रेशीम आपल्या रक्तातच आहे असं तो म्हणायचा, आणि हे म्हणताना स्वतःच्या जरीच्या बंडीवरून हात फिरवायचा. नम्रपणा त्याच्या आसपास फिरकत नसे. दोघं एकाच गुरूच्या घरी शिकले होते, एकाच पोटमाळ्यावर झोपले होते. गुरूनं डेलाहेला सांगितलं होतं, तुला चेहरे जमायचे नाहीत, तुझी माणसं कापडाची होतात. त्या दिवशी डेलाहे हसला होता. ऑर्डवेला आता ते हसू आठवलं आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, की ते हसू होतं कशावरून?

"या, चेहरेवाले!" डेलाहेनं मागं न बघता हाक दिली. "तुझ्या त्या अल्डरमनचं पोट मी निम्मं केलं. तू तोंड बारीक केलंयस, म्हटलं पोटानं काय पाप केलं?"

"कधी आलास?"

"आत्ताच. का?"

"सकाळी नव्हतास?"

"सकाळी मी माझ्या अंथरुणात होतो. विचार माझ्या घरमालकिणीला, ती अजून शिव्या देत असेल." डेलाहे वळला. "काय झालं? फ्रेमवाल्यानं पुन्हा वाकडी फ्रेम दिली का?"

ऑर्डवे त्याच्या हातांकडे बघत होता. डेलाहेच्या उजव्या बाहीला, मनगटाशी, रंगाचा पुसट ओघळ होता. चित्रातल्या त्या नगरसभासदाचा, अल्डरमनचा, कोट गडद निळा होता. हा रंग निळा नव्हता. सफेदा, थोडा पिवळा गेरू, किंचित तांबूस. चेहऱ्याचा रंग. कपडे रंगवणाऱ्या माणसाला चेहऱ्याच्या रंगाची काय गरज पडावी? ऑर्डवे जवळ गेला, बंडीची तारीफ करायच्या निमित्तानं. ओघळात आणखी काहीतरी होतं: हिरवट झाक, मेणबत्तीच्या मेणासारखी. असा रंग तो स्वतः कधी कालवत नसे. त्याचे चेहरे गुलाबी असत, हिंगूळ आणि लाख घालून खुलवलेले. लोक म्हणत की ऑर्डवेच्या चित्रात कोणी आजारी पडूच शकत नाही. मग हा हिरवट चेहरा कोणाचा? असल्या रंगाचं माणूस तर आपल्याकडे येतच नाही.

त्या दिवसापासून तो घरात चोरासारखा वावरायला लागला. बाहेर निघताना दाराशी थबकायचा आणि कानोसा घ्यायचा. परत येताना फाटक वाजू द्यायचा नाही. कुंचले वास घेऊन बघायचा, टर्पेंटाइनमध्ये ताजे धुतलेत का म्हणून. सफेद्याची पुडी झपाट्यानं संपत होती. एकदा चित्र ठेवायच्या तिकाटण्याच्या खुंट्या त्याच्या उंचीपेक्षा वर बसवलेल्या सापडल्या. डेलाहे त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता. तेव्हा त्याला वाटलं, हा माणूस आपली गिऱ्हाइकं फोडतोय. आपल्याच खोलीत, आपल्याच खुर्चीत, आपली पाठ वळली की. वसंतातल्या प्रदर्शनात एखादं चित्र लटकेल, खाली डेलाहेचं नाव असेल, आणि लोक म्हणतील, अरे, म्हणजे इतके दिवस सगळं हाच करत होता! लेडी वेंटनरचं पडसंसुद्धा खोटं असेल. बाईनं नोकर पाठवला आणि मागच्या दारानं स्वतः आली. पण लेडी वेंटनर हिरवट नव्हती. त्या विचाराशी त्याची साखळी दरवेळी तुटायची, आणि मग तो दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायचा. आणि त्या टोकाला टॅबिथा होती.

कारण टॅबिथा बदलली होती, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. तिच्या अंगाला अलीकडे वेगळाच वास यायचा, कडवट आणि गोडसर, औषधवाल्याच्या दुकानासारखा. विचारलं तर म्हणाली, दाढ दुखते, थेंब घेते. कोणती दाढ? तिनं गाल धरला, आधी उजवा आणि मग डावा. झोपताना ती त्याच्याकडे पाठ करून, हात छातीशी घट्ट आवळून पडायची, जणू काही तरी लपवून धरलंय. त्यानं खांद्यावर हात ठेवला की अंग आखडायचं. आणि तरीही दिवसा कधी कधी तिच्या तोंडावर एक समाधान असायचं, जेवताना मधेच ती स्वतःशीच हसायची. मटणाचा तुकडा तिच्या ताटात तसाच राहायचा. प्रेमात पडलेली माणसं जेवत नाहीत, हे त्यानं नाटकांत पाहिलं होतं. या वयात? तिच्या केसांत चांदी आली होती. पण डेलाहेचेही केस टोपाखाली कुठं शिल्लक होते! डेलाहे तिला हसवायचा. पूर्वीपासून. पोटमाळ्यावरच्या दिवसांत, ती गुरूच्या घरी गुरुपत्नीला मदत करायला यायची तेव्हा, दोघंही तिच्याकडे बघायचे. तिनं ऑर्डवेला होकार दिला. का दिला, हे ऑर्डवेनं कधी विचारलं नव्हतं. माणूस जिंकलेल्या पैजेची चौकशी करत बसत नाही.

आणि मग लेटी. तिचा विचार तो टाळायचा, पण संशयाला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मिळतात. लेटी, त्यांची मुलगी. देवीच्या साथीतून वाचली, तोंडभर वण घेऊन, आणि पुढच्याच हिवाळ्यात साध्या तापानं गेली. ती गेल्यावर ऑर्डवेनं आठवणीतून तिचं चित्र केलं होतं. खोली बंद करून, जेवणखाण सोडून. हातात चेरीचा घोस, गाल चेरीसारखेच. आयुष्यात इतकं नितळ काम त्याच्या हातून झालं नव्हतं. टॅबिथाला त्यानं ते दाखवलं तेव्हा ती खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गोड मुलगी आहे. कोणाची?" तो चिडला होता. म्हणाला होता, तुला काय, त्या वणांसकट हवी होती? ती खोलीतून निघून गेली. चित्र आजही माळ्यावर कापडात गुंडाळलेलं होतं. तेव्हापासून ती त्याच्या कामाच्या खोलीत पाऊल टाकत नसे. कित्येक वर्षांत नाही. मग आता त्याला जिन्यावर तिच्या कपड्यांची सळसळ का ऐकू येत होती?

मार्चमध्ये एके दिवशी न्याहारीला त्यानं जाहीर केलं, की तो रिचमंडला चाललाय. तिथल्या एका घरच्या मुलांचं चित्र ठरवायचंय, दिवस मोडेल.

"गरम कोट घाला," टॅबिथा म्हणाली. "नदीवर वारा असतो." आणि जरा थांबून, "संध्याकाळच होईल ना?"

तो 'संध्याकाळच' त्याच्या मनात काट्यासारखा रुतला. तो घाटापर्यंत गेला. प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाणारे नावाडी हाका मारत होते, "वर चला, साहेब, वर!" तो पायऱ्यांवर उभा राहिला, तपकिरी पाण्याकडे पाहिलं आणि परत फिरला. घरासमोरच्या कॉफीगृहात, खिडकीच्या कडेला, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून तो बसला. स्वतःच्या घराकडे समोरून असं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या कोणाचं घर असावं तसं ते दिसत होतं: काजळी धरलेल्या विटा, दाराचा पितळी ठोका, पडदे. मधूनच एखादा मेणा हिंदकळत जायचा आणि दार झाकलं जायचं, तेव्हा त्याचा जीव वरखाली व्हायचा, की तेवढ्यात कोणी आत शिरलं तर? डेलाहे आला तो अगदी उघड आला, शीळ घालत, काखेत सपाट काहीतरी कापडात गुंडाळलेलं घेऊन. दार प्रूनं उघडलं. दोघं काही बोलले आणि प्रूनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. म्हणजे तीसुद्धा! आपल्या घरात आपणच काय ते परके, हे ऑर्डवेला त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं, की त्याला जवळजवळ बरं वाटलं. कॉफी निवून गेली होती. ती त्यानं एका घोटात संपवली आणि मागच्या गल्लीनं, परसातून, स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरला.

प्रूच्या हातातून बटाटा पडला.

"मालक! रिचमंड…"

"बाजूला हो."

"मालक, आत्ता वर नका जाऊ. तुमच्या पाया पडते. बाईसाहेबांनी सांगितलंय."

"बाईसाहेबांनी काय सांगितलंय?"

प्रू रडायला लागली. तिला तशीच सोडून तो जिना चढला, भिंतीच्या कडेकडेनं, जिथं पायऱ्या करकरत नाहीत. वरून टॅबिथाचा आवाज येत होता. ती बोलत होती, मोकळेपणानं, सलग, मध्येच खाकरत. गुरुपत्नीच्या स्वयंपाकघरातली काहीतरी जुनी गोष्ट, जळालेल्या पुडिंगची. "आणि तू ते खाल्लंस, इझाक! दोन वेळा मागून घेतलंस!" डेलाहे म्हणाला, "हलू नकोस. बोल, पण मान हलवू नकोस." ऑर्डवेला आठवेना, की आपल्याशी ती इतकं सलग कधी बोलली होती. त्यानं दार ढकललं.

टॅबिथा खुर्चीत होती. डोक्यावर टोपी नव्हती. केस विरळ झालेले, मागं साधे बांधलेले. अंगात आतला पांढरा झगा, खांद्यांवर शाल. खिडकीचा उजेड बाजूनं तिच्यावर पडला होता आणि त्या उजेडात ऑर्डवेला बायकोचा चेहरा दिसला. गाल आत गेलेले. कातडी पिवळट, डोळ्यांखाली आणि जबड्याशी हिरवट, मेणासारखी. त्याच्या मनात सर्वांत आधी एवढंच आलं: हाच तो रंग.

डेलाहे कुंचला हातात धरून उभा होता, त्याच्याच तिकाटण्यापाशी. त्याच्या तोंडावर चोरी पकडल्याचा भाव नव्हता. कामात व्यत्यय आल्याचा होता.

"रिचमंड लवकर आटोपलं," टॅबिथा म्हणाली.

"काय चाललंय हे?" ऑर्डवेचा आवाज त्यालाच चिरका वाटला. "माझ्या घरात, माझ्या पाठीमागं, आतल्या कपड्यांत तू ह्याच्यासमोर…"

"अरे, डोळे उघडून बघ की गाढवा," डेलाहे शांतपणे म्हणाला. "आयुष्यभर लोकांची तोंडं बघून पोट भरलंस. एकदा हिचं बघ."

"तू गप्प बस, इझाक," टॅबिथा म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "दार लावा, मिस्टर ऑर्डवे. थंडी येते. मी सांगणार होते, चित्र पुरं झालं की. मी मरणार आहे. गाठ आहे. सर्जन म्हणाला कापू, मी नको म्हटलं. तो म्हणाला, तरी खात्री देत नाही. मग कशाला?"

ऑर्डवेनं ऐकलं आणि त्याला ते पटलं नाही. हेही ठरवून रचलेलं असेल, असं त्याच्या मनात आलं. पकडले गेलो तर हे सांगायचं. मन असं एकदा धावायला लागलं की समोर भिंत आली तरी थांबत नाही. "कुठंय गाठ?" तो म्हणाला, आणि ते शब्द तोंडातून निघाल्यावर त्यालाच त्यांची किळस आली. टॅबिथा रागावली नाही. तिनं हात पुढं केला, त्याचा हात धरला आणि शालीखाली, डाव्या बाजूला नेऊन ठेवला. डेलाहे खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बोटांखाली अक्रोडाएवढं काहीतरी होतं, कठीण, न हलणारं. हाच हात काल बिशपच्या गालावर लाली चढवत होता. ऑर्डवेनं तो काढून घेतला नाही. तिच्या छातीचे ठोके त्या कठीण गोष्टीच्या पलीकडून, लांबून आल्यासारखे लागत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझं चित्र काढलं असतं."

"मग? काढलं असतं! सगळी कामं बाजूला ठेवून…"

"तेच," ती म्हणाली. "गुलाबी गाल. हातात चेरी. मी गेल्यावर तुम्ही त्या बाईकडे बघत बसला असता आणि मला विसरून गेला असता. लेटीचं तसंच झालं. मला तिचा चेहरा आठवायला गेलं की तुमचं चित्र मधे येतं, मिस्टर ऑर्डवे. माझ्या पोरीचे वण मला आता आठवावे लागतात." तिला धाप लागली. "इझाकला मी म्हटलं, तू काढ. जसं आहे तसं. तो म्हणाला, मला चेहरे येत नाहीत. मी म्हटलं, बरंच आहे."

तेव्हा कुठं ऑर्डवे तिकाटण्याच्या पुढं गेला. चित्र चांगलं नव्हतं. हे त्याला पहिल्या नजरेत दिसलं आणि त्या दिसण्यानं त्याला एक क्षणभर नीच आनंदही झाला. मान उशीच्या खोळीसारखी होती, नाक लाकडी, कपाळावरच्या रेषा कापडाच्या चुण्यांसारख्या पडलेल्या. गुरू खोटं बोलले नव्हते. पण मधोमध, त्या सगळ्या अडाणीपणातून, टॅबिथा त्याच्याकडे बघत होती. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारी, पुडिंगची गोष्ट सांगणारी, कंटाळलेली, दुखणारी, जराशी हसऱ्या ओठांची. गळ्याखाली काहीच नव्हतं, नुसता कॅनव्हास.

"डावा डोळा वर गेलाय," ऑर्डवे म्हणाला. 

"गेलाय खरा," डेलाहे म्हणाला. "चार वेळा खरवडला. जमत नाही."

"जागेवर आहे तो. माझा डोळा वरच आहे," टॅबिथा म्हणाली.

ऑर्डवेनं बघितलं. डोळा खरंच वर होता. थोडासा, केसभर. किती वर्षं तो असा होता?

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. संशय जागा सोडतो, पण जाताना बरोबर सगळं सामान नेत नाही. डेलाहेबरोबर ती हसली की ऑर्डवे अजूनही दाराशी थबकून कानोसा घ्यायचा. होकार कोणाला द्यायला हवा होता, हे ती या दिवसांत मोजत असेल का, असं त्याला वाटायचं. एकदा त्यानं ते विचारलंही. "इझाकशी लग्न केलं असतं तर जन्मभर त्याचे लेसचे कफ धुवावे लागले असते," ती म्हणाली, आणि त्याला ते उत्तर पुरलं नाही, आणि तिनं दुसरं दिलं नाही. बसायला येणाऱ्यांना तो कळवायचा, की तब्येत ठीक नाही. लेडी वेंटनरचा चेहरा त्यानं पुरा केला, पण करताना त्याला त्यांच्या नाकाशेजारची एक फुटकी शीर सारखी दिसत राहिली. ती त्यानं नेहमीसारखी झाकली आणि झाकताना हात जड झाला.

चेहरा संपल्याचं डेलाहेनं सांगितलं, म्हणजे आता फक्त कपडे राहिले होते. कपडे मी दोन दिवसांत उडवतो, तो म्हणाला. टॅबिथा तेव्हा वर चढू शकत नव्हती. दिवाणखान्यात पलंग आणला होता आणि कॅनव्हासही तिथंच आणला. "तू नको," ती म्हणाली. "कपडे ह्यांना करू दे."

"ह्याला?" डेलाहे मोठ्यानं हसला. "अगं, ह्याला बाही आणि पिशवी यांतला फरक कळत नाही. पोटमाळ्यावर असल्यापासून ह्यानं बटण रंगवलेलं नाही!"

"मग शिकेल."

"आणि चेहरा?" ऑर्डवेनं विचारलं.

"चेहऱ्याला हात लावायचा नाही, मिस्टर ऑर्डवे."

तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. पहिल्याच दुपारी, ती डोळे मिटून पडली असताना, त्याचा कुंचला नकळत लाखेच्या लाल रंगात बुडाला होता. गालाच्या उंचवट्यावर एक हलका हात. बस, एवढंच, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. कुंचला कॅनव्हासपर्यंत जाऊन थांबला. त्याला स्वतःच्या मनगटाचीच भीती वाटली, दुसऱ्याचं, सराईत चोराचं मनगट असावं तशी. त्यानं कुंचला पुसला आणि लाखेची पुडी प्रूला देऊन टाकली, चुलीत टाक म्हणून.

तो कपडे शिकला. तपकिरी लोकरीचा तिचा रोजचा झगा लाकडी बाहुलीला घालून पलंगाशेजारी उभा केला होता. डेलाहे खुर्ची उलटी घालून बसायचा आणि तोंड सोडायचा. "ती घडी आहे की खड्डा? अरे, लोकर आहे ती, रेशीम नव्हे. रेशीम मोडतं, लोकर वळते. तुझ्या आजीला विचार!" टॅबिथा उशीत तोंड खुपसून हसायची, मग हसणं दुखायचं, मग प्रू थेंब घेऊन धावायची. ऑर्डवे खाली मान घालून रंगवत राहायचा. लोकर वळते. त्याला वाटायचं, या तपकिरी रंगाच्या एवढ्या तऱ्हा आपण कधी पाहिल्या नव्हत्या. सावलीत तो जांभळट होतो, गुडघ्याशी जिथं कापड घासून पातळ झालंय तिथं जवळजवळ सोनेरी. आणि मग त्याच्या लक्षात यायचं, की आपण कापडाकडे बघतोय म्हणजे तिच्याकडे बघावं लागत नाही. आणि तिलाही हे कळलेलं असणार. कदाचित म्हणूनच तिनं हे काम दिलं असणार. की दिलं, ते आपण तिच्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून?

जूनमध्ये एके दिवशी सकाळी त्यानं शेवटचा हात मारला. खिडक्या उघड्या होत्या, रस्त्यावरून स्ट्रॉबेरी विकणारी बाई ओरडत चालली होती. डेलाहे त्या दिवशी आलेला नव्हता. ऑर्डवेनं कॅनव्हास उचलून पलंगाच्या पायथ्याशी, तिला पडल्या पडल्या दिसेल असा उभा केला आणि स्वतः बाजूला झाला, बसायला आलेल्या बड्या लोकांना चित्र दाखवताना व्हायचा तसा. 

टॅबिथानं खूप वेळ पाहिलं. बोलायला आता तिला श्वास जमवावा लागायचा.

"कोपर," ती म्हणाली.

"काय?"

"उजवं कोपर. रफू आहे तिथं. मीच केलेलं. वाईट झालं होतं, धागा जुळला नाही."

त्यानं बाहुलीकडे पाहिलं. बाहीच्या कोपरावर, तपकिरी लोकरीत, राखी धाग्याचा ओबडधोबड चौकोन होता. इतके दिवस तो त्याच्यासमोर होता. चित्रात त्या जागी सुंदर, सलग, कुठंही न फाटलेली घडी होती. आपण ते केव्हा गाळलं, हे त्याला आठवेना. ठरवून गाळलं नव्हतं. हात आपोआप वळून गेला होता.

तो स्टूल ओढून कॅनव्हाससमोर बसला. सर्वांत बारीक कुंचला घेतला, राखी रंग कालवला, बाहुलीची बाही उजेडाकडे ओढून धरली आणि टाके बघितले. पहिला टाका तिरपा होता. त्यानं तो तिरपाच घातला. दुसरा त्याच्यावर चढलेला होता, तिसरा मधेच सुटलेला. मागं टॅबिथाचा श्वास ऐकू येत होता, कधी लांब, कधी अडखळत. ती झोपलीय, की पापण्यांच्या फटीतून आपल्या हातावर नजर ठेवून आहे, ते त्याला कळेना. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पुढचा टाका गाठ पडलेला होता; त्यानं गाठीसकट घातला.